विश्लेषण : शिकायला आलेले तरुणच शिकवू लागतात तेव्हा… नांदेड-लातूरच्या कार्यालयांत नेमके काय घडते?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेमुळे सरकारी कार्यालयांत ११ महिन्यांसाठी तरुण प्रशिक्षणार्थी आले. कागदोपत्री ते शिकाऊ. पण संगणकासमोर त्यांच्याकडूनच ज्येष्ठ कर्मचारी शिकतात, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. ही दुहेरी शिकवणी कशी चालते, कुठे अडते आणि प्रशिक्षणार्थी गेल्यावर कार्यालयाकडे काय उरते?

सकाळी साडेदहाला तहसील कार्यालयातला अव्वल कारकून शेजारच्या मुलाला विचारतो, ही संचिका ई-ऑफिसवर पुढे कशी पाठवायची? मुलगा दाखवतो. दुपारी तोच मुलगा कारकुनाला विचारतो, या अर्जावर टिपणी कशी लिहायची? कारकून दाखवतो. एकाचे वय पंचवीसच्या आत, दुसऱ्याची निवृत्ती दोन वर्षांवर. एकाला विद्यावेतन, दुसऱ्याला वेतन. नांदेड, लातूर किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. तरी कामाच्या ठिकाणचे शिक्षण म्हटले, की ‘जुना शिकवतो, नवा शिकतो’ एवढेच गृहीत धरले जाते. योजनाही त्याच गृहीतकावर आखल्या जातात.

योजना नेमकी काय आहे?

राज्याच्या २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय ९ जुलै २०२४ रोजी निघाला. १८ ते ३५ वयोगटातील, किमान बारावी झालेले आणि राज्याचे अधिवासी असलेले तरुण त्यासाठी पात्र ठरतात. विद्यावेतन शिक्षणानुसार ठरते. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधर व पदव्युत्तर उमेदवारांना १० हजार रुपये थेट बँक खात्यात मिळतात. वर्षाला १० लाख प्रशिक्षण संधींचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. कालावधी सुरुवातीला सहा महिने होता. २०२५ मध्ये तो पाच महिन्यांनी वाढवून ११ महिने करण्यात आला.

आस्थापनेला किती प्रशिक्षणार्थी घेता येतील, यावरही मर्यादा आहे. उत्पादन क्षेत्रात मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्रात २० टक्के, तर सरकारी आस्थापनांत मंजूर पदांच्या ५ टक्के. मोठे कारखाने कमी असलेल्या जिल्ह्यांत साहजिकच सरकारी कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती हीच प्रशिक्षणाची हक्काची जागा ठरते. म्हणून या योजनेत तरुण काय शिकले, हा प्रश्न मराठवाड्यात बव्हंशी सरकारी कार्यालयाच्या टेबलापाशी येऊन थांबतो.

हे कायद्याने नवीन आहे का?

नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने त्याच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. एसटीच्या विभागीय कार्यशाळा आणि महावितरणची परिमंडळे आयटीआय झालेल्या मुलांना याच कायद्याखाली घेतात. या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा ‘कामगार’ नसून ‘प्रशिक्षणार्थी’ असतो.

तिसरी वाट विद्यापीठातून येते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आणि त्याला चार श्रेयांक मिळाले. थोडक्यात, आयटीआयचा मुलगा, पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि योजनेतला प्रशिक्षणार्थी हे तिघे वेगवेगळ्या दारांनी एकाच प्रकारच्या कामाच्या जागी पोहोचतात. तिन्ही दारांवर पाटी एकच असते, ती म्हणजे ‘शिकण्यासाठी’.

तरुण नेमके काय शिकवतात?

पहिली गोष्ट अगदी साधी, ती म्हणजे मराठी टंकलेखन. सरकारी कार्यालयांत अनेक वर्षे वेगवेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर तयार होत असे. एका संगणकावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले, की अक्षरांचा चिवडा व्हायचा. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला. तरी बोटांना जुनीच सवय असलेल्या कर्मचाऱ्याला नवी कळपाटी कुणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते. मोबाइलवर बोलून मराठी मजकूर तयार करणे, छायाचित्रातून पीडीएफ करणे, शेकडो लाभार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये गावनिहाय लावणे ही तरुणांसाठी किरकोळ कामे आहेत. कार्यालयात मात्र त्यांनी अर्धा दिवस वाचतो.

दुसरी गोष्ट, वरून येणाऱ्या बदलांचा वेग. शेतकऱ्याने मोबाइलवरून पीकपेरा नोंदवायची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयीन सुधारणांचा १०० दिवसांचा आणि त्यानंतर ई-गव्हर्नन्सवर भर देणारा १५० दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. संकेतस्थळ, ई-ऑफिस, ऑनलाइन सेवा यांवर कार्यालयांचे गुणांकन झाले. बदलाचा आदेश एका दिवसात येतो, औपचारिक प्रशिक्षण झालेच तर सभागृहात पडद्यावर दोन तास होते. परत टेबलावर आल्यावर ‘आता कुठे क्लिक करायचे?’ हा प्रश्न उरतो, तेव्हा प्रशिक्षकाचा पत्ता नसतो आणि शेजारचा मुलगा असतो.

इथे वयाचा एक फायदा आहे. दहा वेळा तेच विचारले तरी पोराकडे विचारण्यात कमीपणा वाटत नाही, कारण तो साहेब नाही आणि गोपनीय अहवाल लिहिणाराही नाही. वरिष्ठासमोर ‘मला येत नाही’ म्हणणे अवघड असते. मुलासमोर ते हसत म्हणता येते.

मग जुन्यांकडे काय असते?

जे कोणत्याही ॲपमध्ये नसते, ते. कोणता अर्ज कोणत्या कलमाखाली घ्यायचा, टिपणीत आधी काय आणि नंतर काय मांडायचे, कोणता कागद नसेल तर प्रकरण वरून परत येईल, चिडून आलेल्या माणसाला आधी पाणी देऊन बसवायचे की थेट उत्तर द्यायचे, हे सारे वर्षानुवर्षांच्या कामातून येते.

मराठवाड्यात याला इतिहासाचीही एक जोड आहे. हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात राहिला. त्यामुळे जुन्या महसुली नोंदी मोडी आणि उर्दूतही सापडतात. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे त्याआधीचा कागद शोधताना आजच्या धाराशिवचाही विचार करावा लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज अचानक सर्वांना जाणवली. स्कॅनिंग करणारे हात मिळत होते. पानावर काय लिहिले आहे हे सांगणारे डोळे दुर्मीळ होते.

राज्य सरकारी कर्मचारी सर्वसाधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिले जाते. त्याच्या डोक्यातली कार्यालयाची वहिवाट मात्र लिहून घेतली जात नाही. ती फक्त एकाच मार्गाने पुढे जाते, ती म्हणजे त्याच्या शेजारी बसून काम करणाऱ्या तरुणाकडे.

कार्यालयाबाहेरही असेच घडते का?

एसटीच्या कार्यशाळेत हे अधिक स्पष्ट दिसते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकांची वाहने विकली जाऊ लागली. या गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा, संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. बिघाड झाला की गाडी स्वतःच एक सांकेतिक क्रमांक नोंदवते आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. हयातभर इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखणाऱ्या मिस्त्रीला हा पडदा परका वाटतो. आयटीआयमधून आलेल्या शिकाऊ मुलाला स्कॅनर परका नसतो. पण पडद्यावर क्रमांक आला तरी दोष संवेदकात आहे, वायर घासली आहे की कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे, हे हात काळे केलेला माणूसच ओळखतो. दोघे एकाच बोनेटखाली वाकले, तर गाडी वेळेवर मार्गस्थ होते.

लातूरची ओळख असलेल्या आडत बाजारात आणि डाळ मिलमध्येही हीच जोडी दिसते. तूर मुठीत घेऊन, सोयाबीन दाताखाली धरून माल किती ओला आहे याचा अंदाज जुना मुनीम सांगतो. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना मात्र ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. तिथे दाताचा अंदाज चालत नाही, मीटरचा आकडा लागतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पाठोपाठ ई-वे बिल आले. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पिशवीबंद आणि लेबल लावलेल्या डाळी-धान्यावर ५ टक्के कर लागू झाला. लाल खतावणी लिहिणाऱ्या पिढीच्या शेजारी संगणकावर हिशेब ठेवणारी बी.कॉम. झालेली मुले-मुली आली, ती याच काळात. मुनीमजींनी त्यांना माल, माणूस आणि उधारी ओळखायला शिकवले. त्यांनी मुनीमजींना बिल आणि विवरणपत्र शिकवले.

जगात यावर काय विचार झाला आहे?

दोन विचार इथे उपयोगी पडतात. पहिला, ‘उलट मार्गदर्शन’. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॅक वेल्श यांनी १९९९ मध्ये कंपनीतल्या सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण कर्मचाऱ्यांची शिकवणी लावायला सांगितले. ते स्वतःही त्यात सहभागी झाले. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत उचलली. यातली कळीची बाब अशी, की तिथे तरुणांनी शिकवणे हा अपघात नव्हता. ते ठरवून दिलेले आणि मान्य केलेले काम होते.

दुसरा विचार जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांचा. १९९१ मधील त्यांच्या पुस्तकात त्यांनी माणूस काम कसे शिकतो, हे वेगवेगळ्या व्यवसायांच्या उदाहरणांतून मांडले. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्याकडे शिकणारा मुलगा आधी बटणे आणि काठ अशी शेवटची कामे करतो, मग शिलाई आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. आपल्याकडे काज-बटणापासून सुरुवात करणाऱ्या पोरासारखेच. चूक झाली तरी कपडा वाया जात नाही आणि पूर्ण झालेला कपडा कसा असतो हे रोज डोळ्यांसमोर राहते. म्हणजे नवखा कडेला उभा राहतो, पण तिथून त्याला आतले सगळे दिसते.

याच पुस्तकात उलटे उदाहरणही आहे. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये मांस कापण्याचे काम शिकायला आलेल्या उमेदवारांना वेष्टन करण्याच्या यंत्रावर उभे केले जात असे. कुशल कारागिरांचे टेबल तिथून दिसतच नसे. काम होत होते, शिक्षण मात्र होत नव्हते.

मग इथे कुठे अडते?

नेमके याच ठिकाणी. प्रशिक्षणार्थी झेरॉक्स यंत्राजवळ, आवक-जावक नोंदवहीपाशी किंवा डेटा एंट्रीच्या खुर्चीवर ११ महिने बसला, तर तो वेष्टनाच्या यंत्रावरच उभा आहे. त्याच्या हातून हजारो नोंदी होतात. पण प्रकरण मंजूर का होते आणि नामंजूर का होते, हे त्याला कधी दिसत नाही.

दुसरी अडचण ‘मला दाखव’ आणि ‘तू करून टाक’ यांतल्या फरकाची आहे. पहिल्या वाक्यात ज्येष्ठ शिकतो, दुसऱ्यात तो काम ढकलतो. घाईच्या दिवसांत दुसरे वाक्य सोयीचे वाटते. हळूहळू माऊस कायमचा मुलाच्या हातात जातो. याचे टोकाचे रूप म्हणजे आपला पासवर्ड किंवा डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल मुलाच्या हवाली करणे. तिथे शिक्षण तर थांबतेच, शिवाय उद्या चूक झाली तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. स्वाक्षरी ज्याची, त्याला कायद्याच्या दृष्टीने ‘मला संगणक येत नाही’ म्हणता येत नाही. आणि ज्याच्याकडे कोणताही अधिकार नाही, त्या मुलावर संशयाची सुई येते ती वेगळीच.

तिसरी अडचण मुदतीची. पहिले दोन-तीन महिने कार्यालय समजण्यात जातात. पुढचे काही महिने मुलगा उपयोगी पडतो. तो खऱ्या अर्थाने विषय समजू लागतो तेव्हा ११ महिने संपत आलेले असतात. मग कार्यालय पुन्हा पहिल्या पानावर येते. नवा प्रशिक्षणार्थी मिळाला तर त्याला पुन्हा सुरुवातीपासून शिकवायचे, नाही मिळाला तर ‘तो पोरगा होता तेव्हा बरे होते’ म्हणायचे.

प्रशिक्षणार्थ्यांच्या नाराजीचे मूळ कशात?

प्रशिक्षण संपलेल्या तरुणांनी राज्यात ठिकठिकाणी आंदोलने केली. सेवेत कायम करा, मुदत वाढवा, या त्यांच्या मागण्या होत्या. ही योजना नोकरी नसून प्रशिक्षण आहे, यावर सरकारचे म्हणणे आधारलेले आहे. नियमित पदे स्पर्धा परीक्षेतूनच भरली जातात. तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी २०२३ मध्ये परीक्षा झाली, तीही त्याच मार्गाने.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण एक मुद्दा दोघांच्याही वादात मागे पडतो. प्रशिक्षणार्थी केवळ शिकत होता असे मानले, तर तो काय शिकला याचा हिशेब हवा. तो काम करत होता आणि इतरांना शिकवतही होता असे मानले, तर त्याची नोंद हवी. आज त्याच्या हाती पडणारे प्रमाणपत्र प्रामुख्याने तो किती काळ कुठे होता, एवढे सांगते. त्याने किती सातबारा उतारे तपासले, कोणत्या प्रणालीवर काम केले, कुणाला काय शिकवले, हे त्यातून नव्या मालकाला कळत नाही. लातूरमधील शिकवणी वर्गांच्या गावात गुणपत्रिकेचे मोल सर्वांना ठाऊक आहे. कामावर मिळवलेल्या ज्ञानाची मात्र गुणपत्रिकाच नाही. ११ महिन्यांनंतर घरी परतलेल्या तरुणाला हेच सर्वाधिक सलते.

काय करता येईल?

यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. कार्यालयप्रमुखाच्या पातळीवर होण्यासारख्या काही गोष्टी आहेत.

एक, प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यासाठी एक ज्येष्ठ कर्मचारी नावानिशी ठरवून द्यावा आणि तो कुणाला काय शिकवणार व त्याच्याकडून काय शिकणार, हे दोन्ही कागदावर असावे. शिकवणे हे त्या दोघांच्या कामाचा भाग मानले गेले, तर त्याला वेळही मिळतो.

दोन, दर दोन-तीन महिन्यांनी टेबल बदलावे. आवक-जावकवर सुरुवात होण्यात गैर काही नाही, तेही काज-बटणच आहे. पण तिथेच मुदत संपू नये. अर्ज येण्यापासून निकाल लागेपर्यंतचे एक तरी प्रकरण त्याने पूर्ण पाहिलेले असावे.

तीन, शिकवताना माऊस शिकणाऱ्याच्या हातात असावा. तरुणाने बोटाने दाखवावे, ज्येष्ठाने स्वतः करावे. पासवर्ड आणि डोंगल ज्याचे त्याच्याकडेच राहावे.

चार, प्रत्येक टेबलाला एक साधी वही असावी. एका बाजूला तरुणाने प्रणालीतले टप्पे लिहावेत, दुसऱ्या बाजूला ज्येष्ठाने सांगितलेली वहिवाट लिहावी. कोणता कागद का लागतो, जुना अभिलेख कुठे सापडतो, कोणते प्रकरण कशामुळे अडते, हे त्यात यावे. प्रशिक्षणार्थी गेला किंवा कारकून निवृत्त झाला, तरी वही टेबलावर राहते.

पाच, जुन्या आणि नव्या प्रशिक्षणार्थ्यांचे किमान आठ-पंधरा दिवस एकमेकांत मिसळावेत. निघणारा मुलगाच येणाऱ्याचा पहिला शिक्षक असतो.

सहा, प्रमाणपत्रावर कालावधीबरोबर केलेली कामे, हाताळलेल्या प्रणाली आणि इतरांना दिलेले प्रशिक्षण यांची नोंद असावी. त्यावर मार्गदर्शक कर्मचाऱ्याचे नाव असावे. म्हणजे खासगी कंपनी असो की पुढची मुलाखत, तरुणाला दाखवायला काहीतरी ठोस राहील.

या सगळ्यात खर्च आहे तो एका वहीचा. तरुणांना कामावर घेताना सरकार त्यांच्या शिकण्यासाठी पैसे मोजते. त्यांच्याकडून कार्यालय जे शिकते, ते आज फुकट मिळते आणि म्हणूनच त्याची किंमत कुणी मोजत नाही. ११ महिन्यांनी मुलगा निघून गेला आणि अव्वल कारकुनाला संचिका स्वतः पुढे पाठवता आली, तर योजना त्या टेबलापुरती तरी यशस्वी झाली असे म्हणता येईल. मुलगा गेल्यावर संचिका तिथेच थांबली, तर शिकले कुणीच नाही, असाच त्याचा अर्थ होईल.